बिनजाळाचा सांधा

४ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, "राग आला की बोलू नका, लिहून काढा." रक्तदाबाची गोळी आहेच, वर आता ही वही. वही आमच्या हिनेच आणून दिली, तीही दोनशे पानांची. माझ्या रागाचा तिला चांगला अंदाज आहे.

तर आज राग आला. फ्रीज, एसी, थंड खोल्या यांच्या तांब्याच्या नळ्या जोडण्यात माझी एकतीस वर्षं गेली. बाजारात मला सगळे 'भडका' म्हणतात. अर्धं नाव गॅसच्या टॉर्चच्या निळ्या ज्योतीमुळे पडलंय आणि अर्धं स्वभावामुळे. कोणतं अर्धं मोठं, यावर घरात मतभेद आहेत.

आज बाळंतपणाच्या इस्पितळात गेलो होतो. तिथे तळमजल्यावर आईच्या दुधाची पेढी होणार आहे. ज्या बाळाच्या आईला दूध येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या आया दूध देतात, ते गोठवून ठेवायची खोली. भिंती उभ्या आहेत, यंत्रं येऊन पडली आहेत, मधल्या नळ्यांचे अठ्ठावीस सांधे तेवढे बाकी. मी मापं घेतली आणि टॉर्च आणायला वळलो, तर इस्पितळाच्या सुरक्षेचे चष्मेवाले साहेब आडवे आले.

"इमारतीत ज्योत चालणार नाही. भिंतीत फोम आहे आणि वर बाळांचा ऑक्सिजन आहे."

"साहेब, एकतीस वर्षांत माझ्या हातून एक चिंधी जळलेली नाही."

"तुमचा हात चांगलाच असेल. पण फोमला ते कळत नाही ना."

हल्ली हे काम विजेच्या चिमट्याने करतात, असं त्यांचं म्हणणं. वीस तारखेला त्यांच्यासमोर एक नमुन्याचा सांधा करून दाखवायचा. ते तो उभा कापून आतून बघणार. सांध्याची फट आत पूर्ण भरली असेल तर परवाना आणि काम आपलं. नाहीतर रामराम. वर हेही सांगितलं की लसींचं कोठार आणि दोन्ही कारखाने, म्हणजे माझी वर्षभराची तीन गिऱ्हाइकं, हाच नियम आणणार आहेत. परवाना नसला तर मला गल्लीतले फ्रीज तेवढे उरतील, आणि तेही लोक हल्ली दुरुस्त न करता नवेच आणतात.

घरी येऊन अर्धा तास ओरडलो. ही तिच्या शिलाई मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती. पायाचा ठेका जराही चुकला नाही. मी दमल्यावर तिने एवढंच विचारलं, "विजेचा चिमटा म्हणजे कसा असतो हो?"

"मला काय ठाऊक!" मी म्हणालो.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाई बोलल्या, "जावईबापू, तापवलं कशानं ते नळीला कुठे कळतंय?"

या माउलीला मी एकवीस वर्षं सांभाळतोय. खरं तर ती मला सांभाळते, पण वही माझी आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकतीस वर्षांचं नाव उगाच नसतं. आज हत्यारांच्या दुकानदाराचा आपणहून फोन. "मिस्त्री, विजेवरचं ब्रेझिंगचं, सांधे जोडायचं मशीन मागवलंय. महिनाभर घेऊन जा, वापरून बघा." मी त्याला अवाक्षर बोललो नव्हतो. बाजारात आपली किंमत अजून आहे म्हणायची. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "ताईंना सांगा हं, आलं म्हणून." हिच्याकडे त्याच्या दुकानाचे पडदे शिवायला आहेत, त्याचं काहीतरी असेल. मी सांगायला विसरलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

मशीन म्हणजे एक जडशीळ खोका. त्यातून मनगटाएवढ्या जाड दोन तारा निघतात आणि चिमट्याला जातात. चिमट्याच्या दोन्ही टोकांना कार्बनचे ठोकळे. नळीचा सांधा त्या ठोकळ्यांत धरायचा, पायाखालची कळ दाबायची. ठोकळे लालबुंद होतात, नळी आतून तापते, मग दुसऱ्या हातातली चांदीमिश्रित सळई सांध्याला टेकवायची. ती वितळून फटीत धावली की झालं. ज्योत नाही, सूं आवाज नाही. मुक्याशी गप्पा मारल्यासारखं वाटतं.

पहिली नळी धरली, कळ दाबली. नळी काळी, मग लाल, मग नळीच नाही. भोक. दुसऱ्या वेळी घाबरून पाय लवकर काढला, तर सळईचा नुसता मणी झाला आणि टपकन जमिनीवर पडला. तिसऱ्या वेळी माझ्या हाताने दगा दिला. टॉर्चचा पहिला धडा असा की हात हलता ठेव, ज्योत एका जागी थांबली की तांबं गेलं. मी आजवर जेवढ्या पोरांना शिकवलं त्यांना हेच घोकायला लावलं. आणि या चिमट्याचा पहिला धडा नेमका उलटा. हलवलास की मेलास. कळ दाबलेली असताना ठोकळा जरा सरकला की चर्रकन ठिणगी उडते आणि नळीला खड्डा पडतो. मी नऊ खड्डे पाडले.

मशीन भिकार आहे, असं जाहीर केलं.

"नाचता येईना..." सासूबाईंनी सुरुवात केली आणि पुढचं सौजन्याने गिळलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज जमलं! पण कसं ते लिहितो.

मी सकाळपासून कळीवर पाय आपटत होतो. ही कपडे वाळत घालता घालता बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, ब्रेक मारल्यासारखा पाय काय आपटताय? कॉलर शिवताना मी असं केलं तर गिऱ्हाइकाच्या मानेला सुई जाईल. सरका बघू." खुर्ची ओढून बसली, चप्पल काढली आणि कळीवर पाय ठेवला. मी दोन्ही हातांनी चिमटा दाबून धरला, म्हणजे हलायचा प्रश्नच नको. सळईही तिच्याच हातात दिली. तिचा पाय दाबी, सोडी, पुन्हा जरासा दाबी. नळी लाल झाली पण लालीच्या पुढे गेली नाही, जणू तिला कुणी तिथेच थांब म्हणून सांगितलंय. सळई टेकली आणि चांदी सरसर आत शिरली.

मी ओरडलोच. शेजारच्या वायरमनने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भडकाभाऊ, भाजलं का?"

"भाजलं नाही, जुळलं!" मी म्हणालो.

शिलाई मशीन तीस वर्षं चालवलेला पाय आहे तो. मी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आम्ही सहा सांधे केले. दोन दिवस तिला मदतीला घेईन, मग मला जमेलच. तिचे पडदेही खोळंबलेत.

जोड लावताना ती फार प्रश्न विचारते. चांदी कोणत्या रंगाला धावते, नळीतून नायट्रोजन कशाला सोडायचा, न सोडल्यास आत काजळी कशी धरते. म्हटलं, तुला काय करायचंय? म्हणाली, "नुसतं बसायचं तर काहीतरी विचारावं."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांचा निरोप आला. परवाना एकाच माणसाच्या नावावर मिळतो, म्हणून चिमटा, सळई आणि कळ तिन्ही एकट्याने सांभाळून सांधा करायचा. दोघांनी मिळून चालणार नाही. एका दुकानाला दोनच प्रयत्न.

म्हणजे माझ्या पायाला शिकावंच लागणार. सकाळी एकट्याने चार केले. दोन गळके, एकाला भोक, एक बरा. ही काही बोलणार होती. "अहो, मी काय म्हणते..." मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी आहे ना. ती खरंच गप्प बसली. समजूतदार आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घरातल्या विजेत काहीतरी बिघाड आहे. सासूबाई म्हणाल्या की रोज दुपारी मी बाहेर गेलो की दिवा मिचमिचतो. थोडा थोडा वेळ, मग बरा. मला लगेच वायरमनचा संशय आला, गेल्या वर्षी त्यानेच तारा बदलल्या होत्या. त्याला बोलावून चांगला झापला. त्याने बोर्ड उघडला, बंद केला, हिच्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, काही करायला नको. वीस तारखेनंतर आपोआप बरं होईल."

वीस तारीख याला कुणी सांगितली? गल्लीत काही झाकून राहत नाही. आणि वीज आपोआप बरी होते, असलं ज्ञान असलेला वायरमन आमच्याच नशिबी.

१६ फेब्रुवारी, रविवार

तुकड्यांचा डबा अर्धा रिकामा! सरावासाठी नळीचे बोटभर तुकडे कापून ठेवले होते, ते कमी झालेत. सळयाही. भंगारवाल्याचं काम असणार, तांबं दिसलं की त्याचे डोळे फिरतात. हिला विचारलं तर म्हणाली, "डब्याला झाकण लावत जा." तिच्या बाहीला भाजल्याचा छोटा डाग पडलाय. इस्त्री लागली म्हणते. तीस वर्षांत हिला इस्त्री कधी लागली नाही, वय होतंय बिचारीचं. शिवणाचे नवे कपडेही दिसत नाहीत. गिऱ्हाईक तुटलंय बहुतेक. तरी रोज संध्याकाळी गुणगुणत असते. मी उगाच विषय काढला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. आज दहापैकी पाच. पाय सुधारलाय पण हात ऐकत नाही. चांदी धावायला लागली की मनगट आपोआप झुलतं. मी त्याला सांगतो थांब, ते म्हणतं एकतीस वर्षं तूच झुलायला शिकवलंस. पालथ्या घड्यावर पाणी.

परवा नाही जमलं तर काय करायचं? चोपन्नाव्या वर्षी माणूस नवं काय शिकणार? दुपारी बाहेर पडलो, टॉर्चने करायची दोन किरकोळ कामं उरकली. ज्योत पेटवली आणि इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हाताऱ्या मित्राला भेटल्यासारखं वाटलं, ज्याला आता कुठे बोलावत नाहीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आजचं आजच लिहायला हवं.

इस्पितळाच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं. चष्मेवाले साहेब, दुधाच्या पेढीच्या मोठ्या सिस्टर, मी आणि ही. हिला मी खोका उचलायला मदत म्हणून नेलं होतं.

मी सुरुवात केली. नायट्रोजन सोडला, चिमटा धरला, पाय हलका ठेवला. नळी लाल. सळई टेकवली, चांदी धावली, आणि तेवढ्यात मनगट झुललं. चर्र! एवढी ठिणगी उडाली की सिस्टर दोन पावलं मागे गेल्या. नळीला हरभऱ्याएवढा खड्डा.

साहेबांनी कागदावर एक फुली मारली. "अजून एक प्रयत्न आहे."

दुसरा प्रयत्नही असाच जाणार हे मला ठाऊक होतं. हाताला ठाऊक होतं.

तेव्हा ही म्हणाली, "साहेब, दुसरा प्रयत्न यांनीच करायचा असं आहे का?"

साहेबांनी नियम वाचला. "दुकानातलं कोणीही चालेल."

"दुकान दोघांच्या नावावर आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. हट्टाने नव्हे, विचारल्यासारखं बघितलं. मी नाही म्हणालो असतो तर ती खोका उचलून घरी आली असती, आणि जन्मभर पुन्हा विषय काढला नसता. मला माहीत आहे ती.

"तुला येतं?" मी विचारलं.

"त्रेपन्न केलेत. पहिले नऊ गळके होते."

दिवा, तुकडे, सळया, बाही, वायरमन. सगळं एकदम डोक्यात पेटलं. काखेत कळसा आणि मी भंगारवाल्याला वळसा घालत होतो! मी डोळ्यांवरचा काळा चष्मा काढून तिच्या हातात दिला.

तिने चप्पल काढली. साहेब म्हणाले, "चप्पल घाला, नियम आहे." तिने घातली. तिने चिमटा लावला आणि तो असा धरला की भिंतीतला खिळा जास्त हलला असता. पाय दाबला, सोडला, दाबला. सळई टेकली, चांदी फिरली, पाय सुटला. ठोकळे विझेपर्यंत चिमटा तिथेच. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. मी श्वास घ्यायला विसरलो होतो, सिस्टरांनी पाठीवर थाप मारली तेव्हा घेतला.

साहेबांनी सांधा थंड केला, करवतीने उभा चिरला, कानशीने घासला आणि खिशातून दुसरा चष्मा काढून लावला. तांब्या-तांब्याच्या मधे चांदीची रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे तुटलेली नाही. आत काजळी नाही.

"असा भरलेला सांधा मी अजून कापलेला नाही," ते म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या. इस्पितळात टाळ्या वाजवू नयेत हे नंतर कळलं.

रस्त्यात विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला लागला असता."

मी खोक्याची माझी बाजू जरा वर उचलली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वाईट वाटलं का? वाटलं. काल कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत फार वाईट वाटलं. मग बेकरीवाल्याला मी स्वतःच थांबून सगळी हकीकत सांगितली, मग पेपरवाल्याला, मग वायरमनला, त्याची माफी मागून. चौथ्या वेळी सांगताना लक्षात आलं की मी फुशारकी मारतोय, आणि ती माझी नाही.

परवाना घरी आला. तिच्या नावाचा, शिक्क्यासकट. दुसऱ्या कागदावर मदतनिसाची माहिती भरायची होती. तिने माझं नाव लिहिलं आणि अनुभवाच्या रकान्यात 'एकतीस वर्षे'. मी म्हटलं, एवढा अनुभवी मदतनीस कुठे असतो का? ती म्हणाली, "म्हणून तर काम अवघड घेतलंय."

दुकानदारालाही आज फोन केला. मशीन मागवायला कुणी सांगितलं होतं, हे विचारलं. तो हसतच सुटला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस काम. नळ्या मी कापतो, वाकवतो, बसवतो, नायट्रोजन सोडतो, सांधा ती करते. साहेबांनी तपासून परवानगी दिली की तिच्या देखरेखीखाली मी चिमटा नुसता धरू शकतो. चोविसावा सांधा पंख्याच्या मागे, भिंतीला लागून. तिचा हात पोचेना. माझे हात लांब. मी पोटावर झोपून आत घुसलो, दोन्ही हातांनी चिमटा दाबला, ती माझ्या पाठीवरून वाकून सळई लावत होती, पाय कळीवर.

"हलू नका," ती म्हणाली.

"हलत नाहीये."

"श्वाससुद्धा हळू घ्या."

आयुष्यात मी इतकं स्वस्थ कधी राहिलो नसेन. तिचा घाम माझ्या मानेवर पडत होता. चांदी धावली ती मला दिसली नाही, तिच्या आवाजावरून कळली. बाहेर आल्यावर दोघं जमिनीवर बसून खूप हसलो, कशाला ते आठवत नाही. सिस्टर डोकावून म्हणाल्या, "इथे काम चाललंय ना?"

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल सकाळी सगळ्या नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला. काटा चोवीस तास जागचा हलला नाही, तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सांधे पक्के. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. आज सकाळी इस्पितळ उघडताच हजर. ही बाहेर थांबली, म्हणाली तुम्हीच बघा. काट्यापाशी गेलो, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

काटा होता तिथेच होता.

मी बाहेर आलो. नुसताच तिचा हात धरला, भर व्हरांड्यात, सगळ्या बाळंतिणी आणि त्यांच्या सासवांसमोर. "अहो, लोक बघताहेत," ती म्हणाली. हात मात्र सोडवून घेतला नाही.

३ मार्च, सोमवार

खोली गोठली. सिस्टरांनी आज पहिल्या बाटल्या आत ठेवल्या, लहान लहान, अर्ध्या कपाएवढ्या. वरच्या मजल्यावर एक बाळ आहे, माझ्या तळहाताएवढं. त्याच्यासाठी आहेत म्हणे. आम्हाला दोघांना काचेतून दाखवलं. ही बराच वेळ बघत राहिली. मीही.

संध्याकाळी मी चहा टाकला होता, ही चिमट्याचे ठोकळे घासत बसली होती. फोन वाजला. लसींच्या कोठारातून बोलत होते. बाईंचा आवाज.

"ते बिनज्योतीचं काम करणारे मिस्त्री आहेत का?"

एकतीस वर्षं या प्रश्नाला मी 'बोलतोय' असं उत्तर देत आलो. तोंडात शब्द आलाही होता.

"आहेत की," मी म्हणालो. "थांबा हं, देतो." आणि फोन पुढे धरून हाक मारली, "अहो मिस्त्री! फोन!"

तिने आधी रागाने बघितलं. तिला वाटलं, मी चेष्टा करतोय. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. सासूबाई खुर्चीत सरळ होऊन बसल्या. ही उठली, काळे झालेले हात पदराला पुसले, फोन कानाला लावला आणि म्हणाली, "बोलतेय."